ओल्या पोत्याखाली कोंडलेला दम

मी बोलतेय, अकोल्यातल्या भंगारवाल्याच्या कुंपणाशी उभी असलेली पांढरी व्हॅन. पांढरी म्हणजे एके काळची. आता रंग कोणता म्हणायचा ते बघणाऱ्यानं ठरवावं. मी थकले आहे, पण आजारी नाही. एवढंच सांगायचं होतं, आणि तेच आजवर कुणाला सांगता आलं नाही.

माझी ठेवण जरा निराळी. माझं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि हवा ओढून घ्यायची नळीही तिथेच. माणसाला नाक, तशी मला ती नळी.

याच अकोल्यात शेषराव नावाच्या कापड दुकानदारानं मला नवीकोरी आणली होती. कितीतरी दिवस त्यांनी सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. पुढे त्यांच्याकडे मोठी गाडी आली, आणि मी चांदूर बाजारजवळच्या उत्तमरावांकडे गेले. त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा होता.

उत्तमराव उजाडायच्या आत निघत. फुलं गार, मी गार, रस्ता मोकळा. उन्हं वर येईपर्यंत अमरावतीच्या फूलबाजारातून आम्ही रिकामे होऊन परतायचो. त्या दिवसांत मला कधी साधा ठसका लागला नाही.

मग त्यांना डोळ्यांनी कमी दिसू लागलं आणि स्टिअरिंग मुलाच्या, देवानंदच्या हाती आलं. पोरगा वाईट नाही, फक्त अंथरूण त्याला सोडत नाही. निघेपर्यंत ऊन चांगलं तापलेलं असायचं. वरून ऊन, खालून माझी धग. पुढच्या टोपल्या कोमेजायच्या. त्यावर त्याच्या आईनं, माणिकबाईंनी उपाय काढला. सीट उचलून इंजिनाभोवती ओलं पोतं खोचायचं.

"मडक्याले नाई का गुंडाळत आपण? तसंच हे," त्या म्हणाल्या.

फुलं टवटवीत राहिली. माझा मात्र दम कोंडू लागला.

हळू चालले तर काही नाही. पण देवानंदनं पाय दाबला की मला जास्त हवा लागे, मी जोरात श्वास ओढी, आणि ओलं पोतं नळीच्या तोंडाला घट्ट चिकटे. दोन आचके, की मी बंद! थांबले की पोतं आपोआप सुटे आणि चावी फिरवताच मी चालू. देवानंदला वाटे, मी नाटकं करते.

तो मला जीवन मिस्त्रीकडे न्यायचा. पण त्याआधी घरी माणिकबाई पोतं काढून भिंतीवर वाळत घालत. जीवननं प्लग बदलले, पेट्रोलची जाळी साफ केली, पंप तपासला. गावाबाहेर पळवूनही आणलं.

"देवाभाऊ, गाडी तं मस्त पळून राहिली. तुमचाच पाय जड हाय."

"रोज बंद पडते ना राजा! मी काय झूठ बोलून राहिलो?"

"मंग भरून आना. रिकाम्या गाडीत रोग दिसत नाई."

बिचारा अगदी दारापर्यंत आला होता. पण तपासणीपायी फुलं कोण नासवणार? देवानंदनं कांदे भरले. कांद्याला गारवा लागत नाही, म्हणून पोतं भिंतीवरच राहिलं. मी कांदे घेऊन चढावरही धावले, एकदाही अडखळले नाही. जीवननं हात टेकले. "वय झालं इचं," म्हणाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी झेंडूनं गच्च भरले होते. उशीर झाला होता. अमरावतीच्या राजापेठेत वळताना देवानंदनं घाईनं पाय दाबला आणि मी भर रस्त्यात बंद पडले. मागच्या बसनं करकचून ब्रेक मारला. हातभर अंतर राहिलं असेल. टोपल्या उलटल्या, माणिकबाई पुढच्या काचेवर आदळल्या. कपाळाला टेंगूळ आलं, एवढ्यावर निभावलं.

"माय, आता हे गाडी नाई पायजे," देवानंद म्हणाला. आईपायी घाबरलेल्या लेकावर मी रागावू तरी कशी?

दसऱ्याला माझी पूजा झाली, हार घातला, आणि दिवाळीआधी या भंगारवाल्याशी सौदाही झाला. निघताना उत्तमराव चाचपडत आले आणि इंजिनाकडे कान देऊन उभे राहिले.

"आवाज चांगला हाय रे इचा. काहून इकून राहिला?"

"बाबा, तुमच्या आवाजाच्या भरवशावर मायले मारू का?"

त्यांनी माझ्या दारावरून एकदा हात फिरवला.

अकोल्याच्या वाटेवर फुलं नव्हती, म्हणून पोतंही नव्हतं. देवानंद पाय दाबे आणि मी पळे. मूर्तिजापूर कधी मागे पडलं, कळलंच नाही.

"आज कशी चालून राहिली पाह्य!" माणिकबाई म्हणाल्या.

"इकाच्या दिवशीच बरी चालते," देवानंद म्हणाला.

इथे पोचल्यावर, काही राहिलं का पाहायला माणिकबाईंनी सीट उचलली. नळीच्या तोंडाशी तागाचे धागे अडकले होते. त्यांनी ते चिमटीनं काढले, क्षणभर पाहिले. मला वाटलं, आता कळलं! त्यांनी धागे झटकून टाकले.

"देवा, ते पोतं?"

"घरीच हाय, माय. नव्या गाडीले लागन."

त्यांची नवी गाडी माझ्याच जातीची, वयानं लहान. मला आता कुठे जायचं नाही. उद्या-परवा माझे तुकडे होतील, त्याचं फारसं वाटतही नाही. पण अमरावतीच्या वाटेवर झेंडूनं भरलेली, पाय दाबला की आचके देणारी व्हॅन दिसली, तर तिला शिव्या घालू नका. तेवढी सीट उचलायला सांगा. त्या सीटवर माणिकबाई बसलेल्या असतात.