सगळ्यात मोठी संख्या

पाच वाजता ऑफिसची खिडकी बंद होणार होती, आणि साडेतीन वाजले तरी तिचं काही ठरत नव्हतं. गणितातल्या अनॅलिसिसचे वर्ग दोन. कुठल्या वर्गात बसणार त्याचा अर्ज आज द्यायचा, मग वर्षभर बदल नाही. या विषयात ती एकदा आपटली होती. दुसऱ्यांदा आपटली की नाव पटावरून कमी. पंधरा दिवस पायाला भिंगरी लावल्यासारखी ती दोन्ही वर्गांत बसत होती, म्हणजे खरं तर एकाही वर्गात धड बसत नव्हती.

वरच्या मजल्यावर घड्याळ सर. फळ्याचे सहा भाग, प्रत्येक भागात एक पायरी, आणि सहावा भरला की घंटा. त्यांच्या तासाला सगळं कसं लख्ख समजायचं. घरी गणित सोडवायला घेतलं की समजलेलं सगळं पसार! मागच्या वर्षी ती त्यांच्याकडेच होती. खालच्या मजल्यावर खोडरबर बाई. बाई लिहायच्या, थांबायच्या, "छे, हे नाही चालायचं" म्हणायच्या आणि पुसून टाकायच्या. तासाभरात वहीत जेमतेम अर्धं पान.

"अगं, दोन डगरींवर हात ठेवू नकोस," ताईने दुपारी फोनवर सुनावलं होतं. "सरांकडे निम्मे तरी पास होतात ना? मग झालं तर." ताईचं काही चूक नव्हतं, म्हणूनच तिला राग आला.

तिने अर्जावर सरांचं नाव लिहिलं, आणि तरीही बाईंच्या तासाला जाऊन बसली. अगदी दाराजवळच्या बाकावर, अर्धी बाहेर.

दोन्ही टोकं धरून काढलेली न तुटणारी रेघ अमर्याद वर निसटू शकत नाही, हे बाई सिद्ध करत होत्या. "प्रत्येक बिंदूच्या आसपास ती कुठल्या तरी एका संख्येच्या खाली राहते. या संख्यांतली सगळ्यात मोठी घ्या. झालं!" मुलांनी माना खाली घालून उतरवून घेतलं. तिनेही उतरवलं. हे तर तिला पाठ होतं. परीक्षेत तिने शब्दन्‌शब्द हेच लिहिलं होतं, आणि दहापैकी दोन गुण देणाऱ्या परीक्षकाला वर्षभर शिव्या घातल्या होत्या.

मग तिचं पेन अडलं. बिंदू अनंत, म्हणजे संख्याही अनंत. एक, दोन, तीन, चार... यांत सगळ्यात मोठी कुठली?

"बाई," ती उभी राहिली, "सगळ्यात मोठी संख्या नसलीच तर?"

बाई फळ्याकडे बघत राहिल्या.

"अरेच्चा! चुकले की मी. मधली पायरीच खाल्ली."

"मुद्दाम केलंत ना, बाई?" कुणीतरी विचारलं.

"मुद्दाम कसलं, खरंच चुकले. मोजकेच बिंदू पुरतात, म्हणजे संख्याही मोजक्याच, हे आधी दाखवायला हवं. ये गं, तू दाखव."

तिला ते पुरतं जमलं नाही. तीनदा पुसलं, कान तापले. ती पायरी सरांनी मागच्या वर्षी फळ्याच्या चौथ्या भागात स्वच्छ लिहून दिली होती. पाठ करताना तिनेच ती फालतू समजून गाळली होती. परीक्षकाला घातलेल्या शिव्या आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचला दहा कमी असताना तिने खिडकीशी सरांचं नाव खोडून बाईंचं लिहिलं. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'मागच्या वर्षी का नापास झाले ते आज कळलं.'

"असलं कारण चालत नाही," कारकून म्हणाला. "वेळेची सोय, असं लिही."

तिने निमूटपणे तसं लिहिलं. शिक्का पडला. जिन्यातच तिने ताईला फोन लावला.

"त्या चुकणाऱ्या बाई?" ताई ओरडली. "अगं, पास होशील ना?"

"माहीत नाही गं. पण या वेळी नापास झाले तर का झाले, ते मला माहीत असेल."