ओढ्यापलीकडचा पाळणा

मुकादमाचा हुकूम साधा होता: अलीकडची काडीसुद्धा ओढ्यापलीकडे जाता कामा नये. अलीकडच्या झाडांना भुंगा लागला होता, पलीकडची अजून धडधाकट होती. तीही हातची गेली, तर मालक सगळी लागवड तोडून वसाहत उठवणार, हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. मुकादमाची लेक पलीकडेच राहत होती. जावई तिथला राखणदार.

भुंगा काही परका नव्हता. परकी होती ती झाडं, बोटीतून रोपं आणून रांगेत उभी केलेली. भुंगा इथलाच, जुन्या रानात उन्मळून पडलेल्या खोडांवर पोट भरणारा. तेव्हा त्याला कुणी कीड म्हणत नव्हतं. ते रान तरुणपणी मुकादमानेच उभं राहून तोडून घेतलं होतं. भुंग्याने आता काय खावं, याची काळजी करायला त्याला पगार मिळत नव्हता.

आता उपाय एकच उरला होता. एखादं चांगलं झाड पाडायचं, साल ठेचायची, ओंडके मांडून ठेवायचे. रसाच्या वासाने भुंगे येतात, सालीत अंडी घालतात. मग आतल्या पिलावळीला पंख फुटायच्या आत ओंडके जाळून टाकायचे. जाळायचं काम मुकादम दुसऱ्या कुणावर सोडत नसे. पण काडी लावताना दर वेळी त्याचा जीव तुटायचा. सरळसोट लाकूड, कुठे गाठ म्हणून नाही, आणि त्याची राख!

त्यातच लेकीला दिवस गेले. मुकादमाने एक ओंडका बाजूला काढला, साल सोलून जाळली, लाकूड उलटसुलट करून पाहिलं. अळ्या सालीत असतात, साल गेली की गेल्या, असं त्याने स्वतःला पटवलं. पटवायला फार वेळ लागला नाही. नातवंडाचा पाळणा डोळ्यांसमोर असला की माणसाला काहीही पटतं.

पाळणा खांद्यावर घेऊन तो पुलावर आला, तेव्हा पहारेकरी अडखळला. "मुकादम, लाकूड..."

"लाकूड कसलं? पाळणा आहे. आजोबा होतोय मी!"

दोघेही हसले. हुकूम करणाऱ्यालाच कोण अडवणार?

बाळ पालथं पडायला लागलं, तेव्हा लेक एकदा म्हणाली, "बाबा, पाळणा कुरकुरतो."

"कड्यांना तेल घाल."

"झोका देताना नाही हो. थांबलेला असताना कुरकुरतो. आणि खाली रोज पिठासारखा भुसा पडतो. मी आपली झाडून टाकते."

"नवं लाकूड आहे, सुकताना बोलतं थोडं," तो म्हणाला आणि बाळाला हसवायला लागला. पाळणा उलटा करून बघायचं धाडस मात्र त्याला झालं नाही.

त्यानंतर बरेच दिवस गेले. एका सकाळी तो लेकीकडे बसला असताना जावई हातात सालीचा तुकडा घेऊन दारात उभा राहिला. सालीला आतून नागमोडी चर पडले होते.

"संपलं, बाबा. घरामागच्या झाडांनाच लागलाय. तोडायला माणसं निघालीत. कुणीतरी पलीकडून लाकूड आणलं असणार. सापडू दे मेला, हात कलम करतो त्याचे!"

जावई निघून गेल्यावर मुकादमाने बाळाला उचलून लेकीच्या हातात दिलं आणि पाळणा उलटा केला. तळाच्या फळीला करंगळी जाईल एवढी भोकं होती. किती, ते मोजायला त्याचे डोळे धजले नाहीत. एका भोकातून लांब मिशांचा भुंगा अंग ओढत बाहेर येत होता. समोरची खिडकी सताड उघडी होती.

त्याने भुंगा अंगठ्याखाली चिरडला. काय उपयोग? बाकीचे कधीच उडून गेले होते. आपणच आपलं घर बुडवलं, एवढंच त्याला कळत होतं.

लेक फळीकडे बघत राहिली, मग बापाकडे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"यांना मी काय सांगू, बाबा?" तिने हळूच विचारलं.

घरामागे पहिली करवत सुरू झाली आणि बाळ दचकून रडायला लागलं. सवयीने मुकादमाचा हात पाळण्याच्या दोरीकडे गेला.