मासा आमचा नाही

सगळी विज्ञानं एकत्र शिकवणारी पदवी म्हणून तिने मोठ्या हौसेने प्रवेश घेतला होता. आता तळ्यातले मासे का मरतात, या तिच्या प्रकल्पावर सही करायला कोणी तयार नव्हतं. रसायनवाले म्हणाले, "मासा आमचा नाही." जीवशास्त्रवाले म्हणाले, "पाणी आमचं नाही." आठवडाभराच्या टोलवाटोलवीने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही विभागप्रमुख चहा पीत बसले होते, तिथे जाऊन तिने मेलेल्या माशाची बरणी टेबलावर आदळली आणि झाकण काढलं. दोघांनीही एकदमच नाकाला रुमाल लावले.

"वास मात्र बरोबर दोन्ही विभागांना आला, सर!" ती कडाडली. "आता सह्याही दोघांनी करा. तोवर झाकण लागणार नाही."