दुसऱ्याच मनगटावर

मित्रांनो, मला पाहून तुम्ही किती वाजले असे विचाराल. पण मला काटे नाहीत. मी एक जुना मनगटी पट्टा आहे, हालचाल आणि झोप मोजणारा. आता माझे बंद तडकले आहेत आणि टेबलाच्या खणात मी पडून आहे. ऐकायला कुणी नसते, तरी बोलतो.

माझा जन्म झाला त्या कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी मला हलवून, पाण्यात बुडवून पाहिले आणि म्हणाल्या, "हा खोटं बोलणार नाही." आयुष्यातले हे माझे पहिले कौतुक. बहुधा शेवटचेही.

तिथून मी एका रुग्णालयाच्या संशोधन विभागात आलो. नैराश्यावरच्या नव्या औषधाचा तिथे अभ्यास चालू होता. नैराश्य म्हणजे आळस नव्हे, मित्रांनो. तो आजार आहे; त्यात माणसाला स्वतःचाच हात जड होतो. माझ्या नोंदीत हालचाल वाढली तर औषध लागू पडले, नाही वाढली तर मात्रा वाढवायची, असे डॉक्टरीणबाईंनी ठरवले होते.

माझ्या वाट्याला खुर्च्यांना कापड चढवणारा एक कारागीर आला. त्याचे दुकान कधीचेच बंद होते. त्याने मला जेमतेम एक दिवस घातले आणि उशीखाली सारले. "टोचतो," एवढेच म्हणाला.

त्याची आई दारातून म्हणाली, "लोळत पडणाऱ्याला घड्याळ कशाला? कूस बदलायची वेळ चुकेल म्हणून?"

"आई, ते आजारी आहेत," त्याची बायको म्हणाली.

"असले आजार आम्हाला नाही झाले. सवडच नव्हती."

बायकोने मला उशीखालून काढले. पट्टा वापरला नाही तर अभ्यासातून नाव कमी करतील, औषध बंद होईल, या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागला होता. "अहो, तुम्हाला सवय होईपर्यंत मी घालते," ती म्हणाली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मग मला उसंत मिळाली नाही. तिने फरशी पुसली, सासूचे पाय चेपले, लेकीच्या वेण्या घातल्या, घर चालावे म्हणून लोकांच्या शर्टांना बटणे लावली. रडू आले की ती नळ सोडून भांडी घासायला बसे. मी तेही हालचाल म्हणूनच मोजले.

रुग्णालयाच्या दारात ती मला घाईघाईने नवऱ्याच्या मनगटावर चढवी. डॉक्टरीणबाई मला हातात घेत, माझ्या नोंदीची रेघ पडद्यावर पाहत. "वा, वहिनी. गाडी रुळावर आली म्हणायची. मात्रा वाढवायला नको. झोप तेवढी फार कमी दिसते यांची."

"हो, झोप नाही लागत," ती खाली पाहून म्हणाली. ते तिचे स्वतःचेच उत्तर होते.

कारागीर शेजारी मान घालून बसला होता. पण रेघ इतकी देखणी होती, की त्याच्याकडे पाहण्याची गरज कुणालाच भासली नाही.

मात्रा तीच राहिली. त्याचे जेवण सुटले. आणि एका सकाळी ती झाडू हातात धरून पलंगाच्या कडेला बसली, ती उठलीच नाही.

"अगं, दूध उतू चाललंय," सासू ओरडली.

"जाऊ दे," ती म्हणाली.

माझी रेघ आडवी झाली. माझी नोंद रोज आपोआप विभागात पोचत असे; पुढच्याच दिवशी तिथून फोन आला. तो वाजत राहिला, तेव्हा भिंतीला धरत कारागीरच उठला.

"अहो, हालचाल एकदम कशी थांबली? औषध घेताय ना?"

त्याने भिंतीला पाठ टेकली. "औषध मी घेतो. पट्टा ती घालते. आता तीही उठत नाही."

त्याची मात्रा वाढली. तिच्यावरही उपचार सुरू झाले. "हिला आता काय झालं?" असे सासू आल्यागेल्याला विचारत असे. माझी नोंद खोटी ठरवून पुसून टाकण्यात आली. तिने ते घर कसे ओढले, याचा दुसरा कुठलाही पुरावा नव्हता.

मित्रांनो, घरात कुणी असे भिंतीकडे वळले, तर टोमणे मारू नका, त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि त्याच्यासाठी धावणाऱ्या माणसालाही विचारा, तुला झोप लागते का.

माझ्या बंदाला भांड्यांच्या साबणाचा वास अजून येतो. मला हातात घेणाऱ्या कुणालाही तो तेव्हाच यायला हवा होता.