विहिणीचा ओवा

सुलक्षणा पहिल्या बाळंतपणाला पारोळ्याला माहेरी आली, तेव्हा तिच्या आईनं, प्रमिलाबाईंनी, बाळंतशेपा, डिंक, खोबरं सगळं आधीच भरून ठेवलं होतं. ओवा मात्र दुकानातला होता. सुलक्षणाच्या सासूबाई शेवंताबाई चाळीसगावकडून नातू बघायला आल्या, त्या आपल्या शेतातला ओवा घेऊनच. बाळाला सर्दी झालेली पाहून त्या राहिल्या.

त्यांनी तव्यावर ओवा भाजला, फडक्यात पुरचुंडी बांधली, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिली आणि मग बाळाची छाती हलक्या हातानं शेकली. घरभर वास सुटला. बाळाचं चोंदलेलं नाक मोकळं झालं आणि ते गाढ झोपलं.

"सासूबाईंच्या हाताला गुण आहे बघ, आई," सुलक्षणा म्हणाली.

प्रमिलाबाईंना ते झोंबलं. हिच्या लहानपणी अशा किती पुरचुंड्या आपण धरल्या, ते हिच्या गावीही नाही. वर लेक सासूच्या हातचा ओव्याचा काढा मुकाट्यानं प्यायली. आईनं दिलेला तिनं तसाच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणा न्हाणीत होती, शेवंताबाई अंगणात दुपटी वाळत घालत होत्या. प्रमिलाबाईंनी घाईघाईनं आपला ओवा भाजला. पुरचुंडी गालाला लावून बघायचं राहिलं. बाळ किंचाळलं. छातीवर लाल डाग उमटला.

शेवंताबाई धावत आल्या, पुरचुंडी काढून घेतली, बाळाला खांद्यावर टाकलं. सुलक्षणा ओल्या केसांनी बाहेर आली.

"मना हातेच चटका बसना, पोरी," शेवंताबाईंनी चूक स्वतःवर घेतली.

"तुम्हाला एवढंही कळू नये?" सुलक्षणानं बाळाला ओढून घेतलं आणि आईजवळ दिलं. "तू घे गं याला."

प्रमिलाबाईंना क्षणभर गार वाटलं. पण विहीण खाली मान घालून पुरचुंडीतून सांडलेला ओवा वेचत होती. कधीतरी खरं कळेल, आणि हीच बाई आणखी मोठी ठरेल. गुणही हिचा, चांगुलपणाही हिचाच? ते प्रमिलाबाईंना सोसेना.

"त्यांनी नाही, मी शेकलं," त्या म्हणाल्या. "त्या अंगणात होत्या."

सुलक्षणा आईच्या हातून बाळाला घेऊन आत गेली.

संध्याकाळपर्यंत डाग फिकटला. एसटीला निघताना शेवंताबाईंनी उरलेल्या ओव्याची पिशवी विहिणीच्या हातात दिली. प्रमिलाबाईंनी ती घेतली खरी, पण बाळंतपण सरेपर्यंत घरात दुकानातलाच ओवा वापरला.