सात नंबरची कॉट

काकूंनी स्क्रीनवरची सात नंबरची पट्टी बोटाने ओढून पुन्हा निळ्या रकान्यात नेऊन ठेवली. बोट उचललं न उचललं तोच ती सरकत सरकत परत हिरव्यात जाऊन बसली.

काउंटरपलीकडे बसचा ड्रायव्हर उभा होता. अंगापिंडाने दणकट माणूस, पण दुकानात शिरल्यापासून त्याने हातातली टोपी एकदाही खाली ठेवली नव्हती.

"काही अडचण आहे का, काकू?"

"अडचण कसली? मशीनच ते. अधूनमधून हट्ट करतं."

हट्ट मशीनचा नव्हता. हट्ट वरच्या मजल्यावर होता, खिडकीजवळच्या कॉटवर, मांडीवर टॅब घेऊन बसलेला.

दुकान आजारी माणसांना लागणाऱ्या वस्तू भाड्याने देणारं. हँडल फिरवलं की डोक्याकडून वर होणाऱ्या कॉट, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, हवेच्या गाद्या. कुठली वस्तू कुठे आहे हे कळायला काकांनी पूर्वी भिंतीवर एक लाकडी फळा लावला होता, खिळ्यांचा, आणि त्यावर रंगवलेले पत्र्याचे बिल्ले. काकांना झटका आला, उजवी बाजू आणि जीभ दोन्ही रुसल्या, तेव्हा परगावी राहणाऱ्या लेकीने तोच फळा स्क्रीनवर करून दिला, प्रत्येक बिल्ल्याच्या जागी एक पट्टी. एक स्क्रीन खाली दुकानात, एक टॅब वर काकांकडे. एकाने हलवलेली पट्टी दुसऱ्याला जागच्या जागी दिसते. नुसती मागणी असेल तर पिवळा रंग, शब्द दिला की हिरवा, वस्तू गेली की निळा, परत येऊन धुवायची असेल तर पांढरा आणि दुरुस्तीला लाल. नाव मात्र फळाच राहिलं.

काकांना एकेक शब्द शोधून आणावा लागे, पण डावं बोट ठणठणीत होतं. त्यामुळे दुकानाचा निम्मा कारभार आणि नवरा-बायकोचं निम्मं बोलणं, दोन्ही त्या फळ्यावरूनच चालायचं. ढिल्या ब्रेकची खुर्ची काकूंनी कुणाला देऊ केली की ती वरून झटकन लाल व्हायची. चहा हवा असला की हवेच्या गादीची एखादी पट्टी उगाच इकडून तिकडे नाचायची. भांडणही तसंच. काकू पट्टी पुढे सरकवणार, काका मागे ओढणार, आणि खाली उभ्या गिऱ्हाइकाला वाटणार की दुकानात भूत आहे.

पण सात नंबरवरून भांडण यापूर्वी कधी झालं नव्हतं. सात नंबर म्हणजे काका ज्या कॉटवर बसले होते ती.

ड्रायव्हरच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि शनिवारी ती घरी यायची होती. सगळ्या कॉट बाहेर गेलेल्या, हे काकू त्याला सांगायला तोंड उघडत होत्या तेवढ्यात फळ्यावर सात नंबर हिरवी झाली. त्याची मागणी तिला जोडलेली, आणि खाली परतीच्या जागी लिहिलेलं, शुक्रवार.

"मग मिळेल ना?" ड्रायव्हरने विचारलं.

"उद्या फोन करते. नक्की काय ते सांगते."

तो निघाला, दारापर्यंत गेला आणि टोपी फिरवत परत आला.

"अजून एक. आईने विचारायला सांगितलंय. रागावू नका."

"विचारा की. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?"

"त्या कॉटवर आधी कोण होतं? म्हणजे, बरं झालं का ते माणूस?"

हा प्रश्न प्रत्येकाच्या ओठांवर असतो. कुणी विचारतं, कुणी नुसतं गादीवरून हात फिरवून बघतं. काकांनी त्याला एकच उत्तर ठरवून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की चांगली बातमी असेल तेव्हाच सांगायची म्हटलं, तर गप्प बसलो की लोक उरलेलं ओळखतील. त्यापेक्षा कधीच काही सांगायचं नाही.

"कॉटला आठवण नसते हो," काकू म्हणाल्या. "धुऊन, उन्हात वाळवून देतो आम्ही."

तो मान हलवून गेला. काकू मात्र स्टुलावर बसून राहिल्या.

काकांचा आणखी एक नियम होता. खुर्ची नेणाऱ्याला, वॉकर नेणाऱ्याला परतीची तारीख विचारायची. कॉट नेणाऱ्याला विचारायची नाही. "कॉट दोनच कारणांनी परत येते," ते म्हणायचे. "त्यातलं कुठलं, हे आपण कुणाच्या तोंडून आधी वदवून घ्यायचं नाही." इतक्या वर्षांत फळ्यावर कुठल्याही कॉटपुढे परतीची तारीख लिहिली गेली नव्हती. आणि आज पहिली लिहिली ती त्यांनी, स्वतःच्या.

वर जाऊन विचारायचं म्हणजे चौदा-पंधरा पायऱ्यांचा प्रश्न, पण काकूंचा पाय उचलेना. सकाळी काकांनी पेज अर्धी ठेवली होती. काल लेकीचा व्हिडिओ फोन आला, तर तिच्याकडे नुसतेच बघत बसले होते. एकेक गोष्ट आठवायला लागली की तिला शेपूट फुटतं. माणूस कंटाळतो, हे काकूंनी या दुकानात पुष्कळ पाहिलं होतं. कंटाळलेला माणूस शांतही होतो आणि नीटनेटकाही. जाण्याआधी आवराआवर करतो.

त्या तशाच बसलेल्या असताना मिस्त्री आले. दुकानातली सगळी दुरुस्ती त्यांच्याकडे, आणि काकांचे ते जुने मित्र. हातातली पान्यांची पिशवी खाली ठेवत त्यांनी काकूंचा चेहरा पाहिला.

"वहिनी, काय झालं?"

काकूंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "यांनी आपल्या कॉटला तारीख घातलीय."

मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. मग म्हणाले, "सात नंबर दिसला तुम्हाला. लाल रकाना बघितलात का?"

लाल रकाना रिकामा होता.

आता काकूंची चोरी सांगायला हवी. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मागेच सांगितलं होतं की काकांच्या उजव्या बाजूत थोडं बळ आलंय, ते आता धरून उभे राहतात, त्यांना वॉकर द्या. वॉकरचं दुकान खाली, आणि काकू म्हणाल्या होत्या, "यांच्या उंचीला चार नंबरचाच बसतो, आणि नेमका तोच दुरुस्तीला आहे." खोटं बोललं की ते फळ्याशी जुळायला हवं, नाहीतर वर बसलेला माणूस पकडणार. म्हणून त्यांनी खाली येऊन लगोलग चार नंबर लाल करून टाकला होता. मिस्त्रींनी विचारलं होतं, काय झालंय याला? "पाय डुगडुगतो," काकू म्हणाल्या होत्या. मिस्त्रींनी वॉकर जमिनीवर ठेवला, त्यावर आपला सगळा भार टाकून पाहिला, तो जागचा हलला नाही. तरी त्यांनी तो लालच राहू दिला आणि अधूनमधून पुसून ठेवत राहिले.

कारण काका पडले होते ते मिस्त्रींना ठाऊक होतं. इस्पितळातून घरी आल्यावर कुणाला न सांगता ते याच चार नंबरला धरून निघाले आणि न्हाणीच्या उंबऱ्यात कोसळले. काकूंना त्यांना उचलता येईना. हाक मारायला खाली जावं तर त्यांना एकटं सोडवेना. शेवटी त्या त्यांचं डोकं मांडीवर घेऊन, मिस्त्री येईपर्यंत तशाच ओल्या फरशीवर बसून राहिल्या होत्या. त्या दिवसापासून त्या काकांना तळहातावरच्या फोडासारखं जपत होत्या. फोडाला जपणं कधी कधी फोडालाच नको होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चार नंबर आता पिवळ्यात होता. मागणी म्हणून. काकूंनी पट्टीवर बोट ठेवलं तशी ती उघडली. कुणाला हवं, या जागी डाव्या बोटाने लिहिलेलं होतं, "मला". पत्ता, या जागी, "वर".

काकूंनी ते दोनदा वाचलं.

"मी केलेली दुरुस्ती दोन दिवसांच्या वर कधी गेलीय का, वहिनी?" मिस्त्री हळू म्हणाले. "इतके महिने एक वॉकर लाल. वर बसलेल्या दादांना काय कळत नसेल?"

"मग बोलले का नाहीत?"

"तुमची भीती जायची वाट बघत असतील."

काकू उठल्या. पायऱ्या चढताना त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि वरच्या पायरीवर पोचल्यावर चेहरा रोजच्यासारखा करायचा प्रयत्न केला. तो काही नीट जमला नाही.

काका त्यांचीच वाट बघत होते. टॅब मांडीवर पालथा.

"सात नंबर दिलीत त्या ड्रायव्हरला," काकू कॉटच्या कडेला बसत म्हणाल्या. "तुम्ही कुठे झोपणार?"

काकांनी डाव्या हाताने आतल्या खोलीकडे बोट केलं. तिथे दोघांचा जुना पलंग होता. झटका आल्यापासून त्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडायचा, आणि काकू कॉटशेजारी खाली गादी घालून झोपायच्या.

"त्या चार नंबरचा पाय डुगडुगत नाही," काकू म्हणाल्या.

काकांनी शब्द शोधला. तो यायला वेळ लागला. "मा... हीत."

"मी खोटं बोलले."

"मा... हीत." या वेळी ओठांच्या डाव्या कोपऱ्यात हसू होतं.

"हसू नका. परत पडलात तर? मला उचलता येत नाही हो तुम्हाला. त्या दिवशी मला वाटलं..." त्यांनी चादर सारखी केली. "पडलात तर काय करायचं आपण?"

काका विचार करत राहिले. कपाळावर शीर उमटली. शब्द जवळ येऊन निसटत असावा, कारण दोनदा त्यांनी ओठ उघडून मिटले.

"उठू," ते म्हणाले.

उठेन नाही, उठू. काकूंनी काकांच्या मांडीवरचा टॅब उचलून सुलटा केला, चार नंबरच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि ती पिवळ्यातून हिरव्यात नेली. या वेळी कुणी ती मागे ओढली नाही.

थोड्याच वेळात जिन्यात खडखड ऐकू आली. खाली फळ्यावर हिरवं दिसताच मिस्त्री वॉकर खांद्यावर टाकून निघाले होते, आणि त्याचे पाय प्रत्येक वळणावर भिंतीला आपटत होते.

"भिंत खरवडू नका," काकू म्हणाल्या. "चार नंबर आहे तो, जपून."

शुक्रवारपर्यंत घरात गडबड उडाली. कपड्यांचा ढीग कपाटात गेला. पलंग फार बुटका पडत होता म्हणून मिस्त्रींनी चारी पायांखाली लाकडी ठोकळे घातले. व्यायामाच्या बाई रोज येऊन काकांना खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत नेत होत्या, आणि काकू त्यांच्या मागे दोन्ही हात पुढे करून, पण स्पर्श न करता, चालत होत्या. एकदा गुडघा लचकला. काका थांबले, श्वास घेतला आणि पुढचं पाऊल टाकलं.

सात नंबर शुक्रवारी खाली आली. काकूंनी ती स्वतः धुतली. काका टेकून बसायचे तिथला रंग थोडा उडाला होता, तिथे त्यांचा हात जरा जास्त वेळ फिरला. मग त्यांनी फळ्यावर तिची पट्टी पांढऱ्यात ठेवली. ती वरून कुणी हलवली नाही. काका झोपले असावेत, पलंगावर.

शनिवारी ड्रायव्हर टेम्पो घेऊन आला. त्याने आणि मिस्त्रींनी कॉटचे दोन भाग चढवून दोरीने बांधले. हँडल कसं फिरवायचं, चाकांना खीळ कशी घालायची, हे काकूंनी दोनदा सांगितलं. त्याने दोन्ही वेळा लक्ष देऊन ऐकलं, तरी तो निघेना.

"काय राहिलं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. तुमचं ते आठवण नसल्याचं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे ते माणूस बरं झालं नसणार, नको मला ती कॉट." त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "हाड मोडल्यापासून तिने धसका घेतलाय. आता घरी गेलो की पहिलं तेच विचारेल. मी काहीतरी चांगलं सांगेन झालं. खोटं तर खोटं."

काकू दोरीची गाठ तपासत होत्या. ती त्यांनी सोडून दिली.

"खोटं कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. "वर बघा."

ड्रायव्हरने मान वर केली. खिडकीत काका उभे होते. वॉकरच्या दांड्यांवर दोन्ही हात, आणि मागे व्यायामाच्या बाई.

"ते होते," काकू म्हणाल्या. "तुमच्या आईच्या कॉटवर. कालपर्यंत."

ड्रायव्हरने टोपी डोक्यावर नीट चढवली आणि हात वर करून हलवला. काकांनी खाली पाहिलं. डावा हात दांडीवरून सुटला आणि हळूहळू वर आला.

"हात सोडू नका हो," काकू रस्त्यावरून म्हणाल्या. "दोन्ही हातांनी धरा."

काकांनी ऐकलं नाही. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत त्यांनी हात तसाच वर ठेवला.