नकोशीची घोंगडी

या माउली, जरा जवळ सरकून बसा. एका घोंगडीची गोष्ट सांगायची आहे. लांबून ऐकली तर अर्धी वाऱ्यावर जाईल.

भिगवणला म्हस्कूआबांच्या ओसरीवर संदेशने खोक्यातली कापराची डबी काढून बाजूला ठेवली. परदेशी सामान पाठवणाऱ्या कंपनीचा तो माणूस. त्याच्या हातात विमानातून नेता न येणाऱ्या वस्तूंची यादी.

"ताई, कापूर पेट घेतो. विमानात चालत नाही."

"आन् लोणचं?" आबांनी विचारलं.

"तेल गळतं, आबा."

"मग पोरीनं तितं देवाला काय ववाळायचं, तुजी यादी?"

आबांची लेक सुकन्या हसली. नवऱ्यापाठोपाठ ती कॅनडाला निघाली होती. तेवढ्यात खोक्याच्या तळाची काळी घोंगडी संदेशच्या हाताला लागली. उलगडली, तर लोकरीत गोखरूचे काटे, काठाला माती, मेंढरांचा उग्र वास.

"ही अशी नाही जाणार. माती नको, काटे नकोत. स्वच्छ धुतलेली असली तर बघू. परवा येतो खोकी न्यायला."

सुकन्याने घोंगडी चटकन ओढून घेतली.

"राहू द्या. तिकडं घरात हीटर असतो."

तिची आई नकोशी हीच घोंगडी पांघरून जन्मभर मेंढरांमागं हिंडली. ती गेल्यावर आबांनी कळप विकला, पण घोंगडीला पाणी लागू दिलं नाही. थोरल्या सुनेनं एकदा धुवायला काढली, तर दोन दिवस जेवले नव्हते. लेकीच्या खोक्यात मात्र त्यांनीच ती आपल्या हाताने ठेवली होती.

संदेश गेला. चहा घेऊन सुकन्या बाहेर आली, तर आबा हौदापाशी उकिडवे बसलेले. कोपरापर्यंत रिठ्याचा फेस. दगडावरून गढूळ पाणी वाहत होतं.

"आबा! आईचा वास जाईल की सगळा."

"जाऊ दे."

"अकरा वर्षं जपलाय तुमी."

आबा घोंगडी आपटत नव्हते. लेकराला न्हाऊ घालावं तसे तळहाताने हळू चेपत होते.

"वासाला काय थंडी वाजती व्हय? तुला वाजंल. धर ते टोक."

भिजलेली घोंगडी एकट्याला उचलण्यासारखी नव्हती. सुकन्याने ओढणी खोचली, टोक धरलं. दोघांनी समोरासमोर उभं राहून पीळ दिला. पाणी हळूहळू नितळ आलं, मग थांबलं. तरी आबा पीळ सोडीनात.

माउली, थंडीत अंगावर काही ओढून घ्याल, तेव्हा उजनीच्या काठानं हिंडलेल्या त्या नकोशीची एकदा आठवण काढा.